सदतिसावा चौकोन

आमचे आबा मिरजेला शाळेच्या मैदानावर रविवारचे सामने लिहीत. लिंबाखाली टेबल, टेबलावर लांबट वही, आणि वाऱ्यानं पानं फडफडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कृष्णेतून आणलेले दोन गोटे. मी शेजारी चहाच्या रिकाम्या खोक्यावर बसायची. माझ्याकडे काम एकच. षटकातले सहाही चेंडू कोरे गेले, म्हणजे चौकोनात सहा टिंबं पडली, की आबा वही माझ्याकडे सरकवत. तीन टिंबं वर, तीन खाली. ती रेघेनं जोडली की इंग्रजी एम तयार होतो. निर्धाव षटकाची ती खूण. रेघ काढताना पेन्सिल दाबायची नाही, हे आबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दाबून लिहिलेलं खोडलं तरी कागदावर खाच राहते.

सामना संपला की कुणी ना कुणी वाद घालायला यायचं. "मास्तर, ती धाव माझी होती. पायाला लागून नाही गेला चेंडू." आबा चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "वहीत आहे तेवढंच झालं." त्यावर अपील नव्हतं.

ते वाक्य मी पदरात बांधूनच मोठी झाले. पुढे पस्तीस वर्षं पोस्टात काढली. तिथंही तोच न्याय, शिक्का पडला ती तारीख. माणूस काहीही सांगो, कागद काय म्हणतो ते पाहायचं. हे चुकीचं आहे असं मला कधी वाटलं नाही आणि आजही पुरतं वाटत नाही. पण बेसबॉलचा एक सामना हातानं लिहून काढल्यापासून आबांचं ते वाक्य माझ्या मनात पूर्वीसारखं स्वस्थ बसत नाही. त्या सामन्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

गेली काही वर्षं उन्हाळ्यात मी मिलवॉकीला लेकीकडे जाते. नातू तिथल्या मुलांच्या लीगमध्ये बेसबॉल खेळतो. थर्ड बेसवर उभा राहतो, दात-ओठ खाऊन खेळतो. त्यांच्या संघाचा स्कोअर लिहिणारे गृहस्थ ऐंशीच्या पुढचे. गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांचं मैदानावर येणं थांबलं. लेकीनं परस्पर सांगून टाकलं की आईला स्कोअर लिहिता येतो. येतो, पण क्रिकेटचा! मग दोन दुपारी त्या आजोबांच्या स्वयंपाकघरात बसून मी बेसबॉलची वही शिकले.

ही वही दिसायला फार देखणी असते. प्रत्येक फलंदाजाची एक आडवी ओळ, प्रत्येक इनिंगचा एक उभा रकाना आणि प्रत्येक चौकोनात फिकट छापलेला एक पतंग, म्हणजे मैदानाचाच नकाशा: खालचा कोपरा घर, बाकीचे तीन कोपरे तीन बेस. फलंदाज फर्स्ट बेसला पोचला की पतंगाची एक बाजू गडद करायची, सेकंडला पोचला की दुसरी, तिसरी, आणि परत घरी आला की पतंग पुरा होतो. ती एक धाव. खेळाडूंना नावाऐवजी जागेचे आकडे: पिचर म्हणजे चेंडू टाकणारा १, कॅचर म्हणजे फलंदाजामागे बसणारा २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, सेकंड-थर्डच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि मागे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून फर्स्टला फेकला आणि गडी बाद, तर लिहायचं ६-३. मधल्या क्षेत्ररक्षकानं झेल घेतला, तर एफ ८. तीन स्ट्राइक होऊन गेला, तर के. क्षेत्ररक्षकाची चूक झाली, तर ई आणि पुढे त्याचा आकडा. थर्ड बेसवाल्याची चूक म्हणजे ई ५. ही चूक की फलंदाजानं कमावलेला हिट, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर गाठलेला बेस, हे अंपायर ठरवत नाही; वही लिहिणारा ठरवतो. हे कळल्यावर मी आजोबांकडे जरा आदरानंच पाहिलं. आबांना एवढा अधिकार कधी मिळाला नव्हता.

दुसऱ्या दुपारी निघताना त्यांनी मला कोरा तक्ता आणि काही छापील पानं दिली. २६ मे १९५९, मिलवॉकी काउंटी स्टेडियम, पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध मिलवॉकी ब्रेव्ह्ज. कुठल्या फलंदाजाचं काय झालं याचा ओळीनं वृत्तांत. "हा भरा," ते म्हणाले. "हा भरलात की दुसरं काही शिकावं लागायचं नाही." तेव्हा ते शाळकरी होते आणि रेडिओ उशाशी घेऊन झोपायचे. त्या रात्री झोप आली नाही, एवढंच बोलले.

रात्री जेवणं झाल्यावर मी टेबलाशी बसले.

त्या रात्री पायरेट्सचा पिचर होता हार्वी हॅडिक्स. डावखुरा, तेहतीस वर्षांचा, ओहायो राज्यातल्या मेडवे या लहानशा गावचा. उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे या खेळाच्या मानानं लहानखुराच. सेंट लुइसच्या संघात हॅरी ब्रेकीन नावाच्या मोठ्या डावखुऱ्या पिचरला सगळे 'कॅट' म्हणत. हॅडिक्सची ठेवण त्याच्यासारखी, म्हणून हा 'किटन' झाला, मांजराचं पिल्लू. त्या दिवशी त्याला सर्दी झाली होती, अंग मोडून आलं होतं, आणि संघ त्याच दिवशी प्रवास करून मिलवॉकीत पोचला होता.

समोर ब्रेव्ह्ज म्हणजे साधा संघ नव्हे. १९५७ ला त्यांनी न्यूयॉर्कच्या यांकीजना हरवून वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकली होती, १९५८ ला पुन्हा लीगचे विजेते. एडी मॅथ्यूज, हँक ॲरन, जो ॲडकॉक असे एकामागे एक. ॲडकॉकनं १९५४ ला एकाच सामन्यात चार होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे जाणारे फटके, मारले होते. त्यांचा पिचर ल्यू बर्डेट. १९५७ च्या सीरिजमधले तीन विजय या एकट्या बर्डेटचे. उलट पायरेट्सच्या बाजूनं रॉबर्टो क्लेमेंटे आणि डिक ग्रोट हे दोघेही त्या रात्री खेळत नव्हते.

मी ब्रेव्ह्जच्या बाजूचा तक्ता भरायला घेतला. पहिल्या इनिंगमध्ये तीन आले, तीन गेले. दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात तीन. या तिसऱ्या इनिंगमध्ये जॉनी लोगनचा फटका सरळ शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून निघाला होता. डिक स्कोफील्डनं उडी मारून तो धरला. नऊ जण झाले, नवांची ओळ संपली, एकही पतंग सुरू झाला नाही.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. सामना नऊ इनिंगचा असतो. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही बाजू आळीपाळीनं फलंदाजी करतात आणि तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. नऊ त्रिक सत्तावीस. एखाद्या पिचरनं सत्तावीसच्या सत्तावीस जणांना बाद केलं आणि एकालाही फर्स्ट बेस गाठू दिला नाही, ना हिटवर, ना चार बॉल टाकून फुकट, ना चुकीवर, तर त्याला परफेक्ट गेम म्हणतात. ही गोष्ट किती दुर्मिळ? त्या रात्रीपर्यंत नॅशनल लीगमध्ये, म्हणजे हे दोन्ही संघ ज्या लीगचे तिच्यात, असा सामना शेवटचा झाला होता १८८० मध्ये. मधली एकोणऐंशी वर्षं कोरी.

हॅडिक्सनं सत्तावीस बाद केले. सगळे, ओळीनं.

दुसरा कुठलाही दिवस असता तर इथं सामना संपला असता, लोक मैदानात धावले असते, आणि आज त्याचं नाव अशा मोजक्या पिचरांच्या यादीत असतं. पण सामना जिंकायला धाव लागते, आणि ती पायरेट्सना करता येत नव्हती. बर्डेटची गोष्ट हॅडिक्सच्या नेमकी उलट. त्याला हिट बसत होते, पुष्कळ बसत होते, पण धाव मिळत नव्हती. तिसरी इनिंग लिहिताना मी दोनदा थांबले. रोमन मेहियास, जो क्लेमेंटेच्या जागी खेळत होता, फर्स्टला पोचला. मग स्वतः हॅडिक्सनं हिट मारला. मेहियास त्या फटक्यावर सेकंडला न थांबता थर्डकडे धावला आणि बाद झाला. पुढच्या स्कोफील्डनं पुन्हा हिट मारला, हॅडिक्स थर्डपर्यंत आला, आणि व्हर्डनचा फटका झेलला गेला. एका इनिंगमध्ये तीन हिट, धाव शून्य. मेहियास सेकंडवर थांबला असता तर? तक्त्यात असल्या प्रश्नाला जागा नसते. मेहियासचा पतंग अर्ध्यावर तुटलेला, त्याच्या पोटात बाद झाल्याची खूण, एवढंच मी लिहिलं.

सातव्यात बॉब स्किनरचा फटका उजवीकडच्या कुंपणापर्यंत गेला. ॲरननं तो कुंपणाशीच पकडला.

बेसबॉलमध्ये बरोबरी नसते. नऊ इनिंगनंतर शून्य-शून्य असेल तर दहावी, मग अकरावी. यजमान संघ नेहमी मागाहून फलंदाजी करतो, म्हणजे ब्रेव्ह्जची एक धाव झाली की खेळ तिथल्या तिथं खलास. दहाव्या इनिंगपासून हॅडिक्सचा प्रत्येक चेंडू हरण्याच्या काठावर उभं राहून टाकलेला होता. प्रत्येक इनिंगच्या पहिल्या भागात त्याच्या संघानं धाव करायची ती केली नाही, की हा पुन्हा मधल्या उंचवट्यावर जाई आणि तिघांना परत पाठवी. नवव्यापासून मिलवॉकीचेच प्रेक्षक त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागले होते. त्या रात्री मैदानात एकोणीस हजारांवर माणसं होती. घरचा संघ खेळतोय आणि टाळ्या समोरच्या पिचरला! पायरेट्सच्या डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकाशी, मात्र त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नव्हतं. असा सामना चालू असताना पिचरशी त्याबद्दल बोलायचं नाही, दृष्ट लागते, अशी या खेळात जुनी समजूत आहे. आपल्याला हिट बसलेला नाही हे हॅडिक्सला ठाऊक होतं. पण सुरुवातीला कधीतरी कुणाला चार बॉलवर फुकट बेस दिला असेल, असं त्याच्या मनात होतं. स्वतःचा तक्ता त्याच्यापुढे नव्हता. माझ्यापुढे होता.

बाराव्या इनिंगचा शेवटचा चौकोन भरला आणि मी चष्मा काढून ठेवला. नऊ चोक छत्तीस. नऊ फलंदाज प्रत्येकी चार वेळा येऊन गेले होते. छत्तीस चौकोन, छत्तीस बाद, त्यातले आठ के, आणि छत्तीस पतंग छापले होते तसेच फिकट. एकाही बाजूला पेन्सिल लागलेली नव्हती. इतकं कोरं पान मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. आबांच्या वहीत ओळीनं तीन एम आले तरी आम्ही एकमेकांकडे पाहून हसायचो.

लेक पाणी प्यायला उठली. "आई, अजून जागी?" मी म्हटलं, "एकच इनिंग राहिली आहे."

पाचव्या फेरीला पुन्हा पहिली ओळ. त्या जागी आता फेलिक्स मँटिला होता. बदली म्हणून अकराव्यात आलेला. त्यानं चेंडू जमिनीवरून थर्ड बेसकडे मारला. साधा चेंडू. डॉन होकनं तो व्यवस्थित उचलला. वेळ होता. त्यानं फर्स्टकडे फेकला आणि फेक खाली गेली, रॉकी नेल्सनच्या पुढ्यात टप्पा पडला. मँटिला फर्स्टवर सुखरूप.

सदतिसाव्या चौकोनात मी ई ५ लिहिलं. पतंगाची पहिली बाजू गडद केली.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. मॅथ्यूजनं बॅट नुसती आडवी धरून चेंडू हळूच पुढे ढकलला, स्वतः बाद झाला आणि मँटिलाला सेकंडवर पोचवलं. त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यांत जास्त, सेहेचाळीस होमरन मारणारा माणूस हा, त्याला बॅट आडवी धरायला लावली यावरून त्या एका धावेची किंमत कळावी. ॲरनला पायरेट्सनी मुद्दाम फुकट बेस दिला. त्याच्याशी त्या क्षणी खेळण्यात शहाणपण नव्हतं. मग ॲडकॉक. हॅडिक्सची स्लायडर, म्हणजे शेवटी वळणारा चेंडू, हवी होती त्याहून वर राहिली आणि ॲडकॉकनं ती उजव्या-मधल्या कुंपणापलीकडे घालवली.

सामन्यातला एकमेव हिट.

होमरन म्हणजे मँटिला, ॲरन, ॲडकॉक तिघेही घरी, तीन धावा. मी तिन्ही पतंग पुरे केले. मग वृत्तांताची पुढची ओळ वाचली आणि खोडरबर शोधायला उठले. झालं असं होतं की ॲरनला वाटलं चेंडू कुंपणाच्या आतच पडला. मँटिला घरी पोचला म्हणजे सामना संपला, असं धरून तो सेकंडच्या पुढून वळून डगआउटकडे निघाला. मागून मान खाली घालून धावणारा ॲडकॉक त्याला ओलांडून पुढे गेला, आणि पुढच्या धावपटूला ओलांडलं की बाद. अंपायरांनी आधी दोन धावा दिल्या. दुसऱ्या दिवशी लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी निर्णय फिरवला: ॲडकॉकचा होमरन नव्हे, डबल, म्हणजे सेकंडपर्यंतचा हिट; धाव एकच, मँटिलाची. एक-शून्य.

मी ॲडकॉकचा पतंग अर्धा खोडला, ॲरनचाही. पेन्सिल दाबलेली नव्हती, पण होमरनच्या भरात हात जरा जड पडला असावा. दिव्याखाली कागद तिरका धरला की त्या खोडलेल्या बाजू अजून दिसतात.

बर्डेट तेराही इनिंग खेळला. त्याला बारा हिट बसले, त्यानं एकालाही फुकट बेस दिला नाही आणि एकही धाव होऊ दिली नाही. त्याला मी कमी लेखत नाही. तेरा इनिंग काठावर उभं राहणं म्हणजे काय हे तोही जाणून होता, आणि समोरच्यानं काय केलं हे त्या रात्री त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

हॅडिक्सला त्यानंतर पत्रांचा पाऊस पडला. त्यांतलं टेक्सासच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांचं पत्र तो नंतर आवर्जून सांगायचा. सांत्वनाचे दोनच शब्द, तेही शिवराळ. आधी त्याला संताप आला, मग विचार करता वाटलं, बरोबरच तर आहे, याहून वेगळं काय म्हणणार? लीगनं त्याला चांदीचे बारा पेले दिले, एकेका इनिंगसाठी एक. बाराच. तेराव्याचा पेला कुणी कशाला देईल?

इथं मला आमच्या घरातली गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. आबा कोल्हापूरचे, त्यामुळे भाऊसाहेब निंबाळकरांचा विषय निघाला की चहा गार व्हायचा. डिसेंबर १९४८, पुण्यातलं पूना क्लबचं मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर ४४३ वर नाबाद होते, संघाच्या ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा विक्रम ४५२ चा. दहा धावा केल्या की जगातली सर्वांत मोठी खेळी भाऊसाहेबांची. आणि काठियावाडच्या कप्तानानं, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळायलाच नकार दिला. सामना सोडून संघ निघून गेला. निंबाळकरांना कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही. आबा ही गोष्ट सांगताना कधी चिडत नसत. शेवटी फक्त म्हणत, "वहीत चारशे त्रेचाळीस आहे." लहानपणी मला वाटायचं, हे ते स्वतःची समजूत घालायला म्हणतात. हॅडिक्सचा तक्ता भरल्यावर वाटतं की ते अभिमानानं म्हणत असावेत. ४५२ च्या पुढे गेले असते, हे त्यांना म्हणायचंच नव्हतं. ४४३ म्हणजे काय, हे ज्याला वही वाचता येते त्याला वेगळं सांगायला नको होतं.

हॅडिक्सच्या नशिबी वहीतूनही खाली उतरणं होतं. बत्तीस वर्षं त्याचा सामना निदान नो-हिटरच्या, म्हणजे नऊ इनिंग हिट न देणाऱ्या पिचरांच्या यादीत धरला जात होता. १९९१ मध्ये बेसबॉलचे कमिशनर फे व्हिन्सेंट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं व्याख्या पक्की केली: सामना नऊ किंवा जास्त इनिंगचा हवा, आणि तो संपेपर्यंत एकही हिट बसलेला नसावा. ॲडकॉकचा हिट तेराव्यात होता. नाव यादीतून निघालं.

स्कोअर लिहिणारी म्हणून मला हे कबूल करावं लागतं की समितीचं चुकलं नाही. नो-हिटर म्हणजे हिट नसलेला सामना. या सामन्यात एक हिट आहे, मी स्वतः तो लिहिला आहे. नियम एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असू शकत नाही; पोस्टाच्या काउंटरवर पस्तीस वर्षं मी लोकांना हेच सांगितलं. पण यादी वेगळी आणि तक्ता वेगळा, हे मला त्या रात्री कळलं. यादीत माणसाचं एक तर नाव असतं किंवा नसतं. तक्त्यात छत्तीस चौकोन ओळीनं आहेत, आणि कुठलीही समिती त्यांतला एकही बदलू शकत नाही. आबा 'वहीत आहे तेवढंच' म्हणायचे तेव्हा त्यांच्या मनात हाच तक्ता असणार. मी मात्र आयुष्यभर यादीलाच वही समजत आले.

त्या निर्णयाबद्दल विचारल्यावर हॅडिक्स म्हणाला होता, ठीक आहे, मी काय केलं ते मला माहीत आहे. जानेवारी १९९४ मध्ये तो गेला.

आणखी एक गोष्ट फार उशिरा बाहेर आली. ब्रेव्ह्जचा पिचर बॉब ब्यूल यानं सांगितलं की त्या रात्री त्यांची माणसं मैदानाच्या कडेच्या बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या सरावाच्या जागेतून, पायरेट्सच्या कॅचरच्या खुणा चोरत होती. कॅचर स्मोकी बर्जेस अंगानं जाड, त्याला पुरतं खाली बसता येत नसे, त्यामुळे त्याची बोटं दुर्बिणीतून दिसत. पुढचा चेंडू कोणता, हे टॉवेलच्या खुणेनं फलंदाजाला कळवलं जाई. ॲरन सोडून सगळे ती मदत घेत होते, असं ब्यूलचं म्हणणं. म्हणजे काय येणार हे बहुतेकांना ठाऊक असताना हॅडिक्सनं छत्तीस वेळा माणसं परत पाठवली. हे वाचलं आणि मी तो तक्ता पुन्हा पहिल्या चौकोनापासून शेवटपर्यंत बोट फिरवत पाहिला. तक्ता तोच होता. माझंच वाचन बदललं होतं.

आणि होक? मला सगळ्यांत जास्त वाईट त्याचं वाटलं. छत्तीस बादांमध्ये त्याचेही हात होते, त्याच्या ५ नं सुरू होणारे चौकोन माझ्यापुढे आहेत. पण लोकांना एकच फेक आठवते. त्याच्या पुढच्याच वर्षीचा हिशेब मी म्हणून मुद्दाम शोधला. १९६० चा मोसम पायरेट्सचा होता. होक लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसरा आला, पहिला त्यांचाच ग्रोट. १३ ऑक्टोबरला यांकीजविरुद्ध वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना. नवव्या इनिंगमध्ये यांकीजनी नऊ-नऊ अशी बरोबरी केली, आणि उत्तरार्धात पहिल्याच फलंदाजानं, बिल मॅझरॉस्कीनं, होमरन मारून सीरिज जिंकून दिली. दहा-नऊ. अमेरिकेत हा होमरन शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. त्या वेळी पायरेट्सचा पिचर कोण होता, म्हणजे वहीत विजय कुणाच्या नावावर लिहिला गेला, हे फार जणांना ठाऊक नसतं. मी आजोबांना फोन करून विचारलं. ते फोनवर बराच वेळ हसले. "सापडला का शेवटी?" म्हणाले. हॅडिक्स. त्या सीरिजमधला पाचवा सामनाही त्याचाच.

काउंटी स्टेडियम २००१ मध्ये पाडलं. शेजारी नवं स्टेडियम झालं, आणि जुन्याच्या जागी आता वाहनतळ आहे. ॲरनचा ७५५ वा, शेवटचा होमरन जिथं पडला तिथं पाटी आहे. हॅडिक्सची पाटी मला तरी दिसली नाही. पण वाहनतळाच्या एका भागात मुलांसाठी लहानसं मैदान केलंय, हेल्फेअर फील्ड, जुन्या मैदानाच्याच जागेवर. गेल्या जुलैत नातवाच्या संघाचा एक सामना तिथं होता.

दुपारचं ऊन, टेबलावर तक्ता, वाऱ्यासाठी दोन पाण्याच्या बाटल्या. चौथ्या इनिंगमध्ये थर्डकडे साधा चेंडू आला. नातवानं तो व्यवस्थित उचलला. वेळ होता. फेक खाली गेली, फर्स्टवरच्या पोराच्या पायाशी टप्पा पडून पलीकडे निघून गेली. नातवानं टोपी डोळ्यांवर ओढली आणि माझ्या टेबलाकडे पाहिलं.

मी पेन्सिल न दाबता ई ५ लिहिलं.

सामन्यानंतर तो आला, घामानं ओला, मातीनं माखलेला. खांद्यावरून वाकून तक्ता वाचू लागला. वाचायला मीच शिकवलंय.

"आजी, हा ई माझा?"

"तुझाच."

"होकचा असाच होता?"

माझ्या पिशवीत तो दुसरा तक्ता असतो, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये. मी तो काढून शेजारी ठेवला. त्यानं पहिल्या ओळीच्या शेवटच्या चौकोनावर मळकं बोट ठेवलं. मग ते बोट एकेक रकाना मागे मागे सरकवत गेला, बारावा, अकरावा, दहावा, ओठ हलवत, मोजत. पहिल्या रकान्यापाशी पोचला तेव्हा कोचनं हाक मारली, आणि तो पाणी प्यायला पळाला.